चाकखुर्चीची चाल

मनुष्य सहज चालतो तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे पाच किलोमीटर असतो. शाळेची घंटा होण्याची वेळ आली की हाच वेग सात-आठ किलोमीटरांवर जातो. आणि मागून मोकाट बैल धावून आला तर तो किती वाढेल हे सांगणे कठीण. ज्याचे पाय धडधाकट आहेत तो आपल्या वेगाचा विचार कधी करीत नाही. आता भरभर चालावे, आता जरा रेंगाळावे, हे ठरविण्यास त्याला कोणाची अनुज्ञा घ्यावी लागत नाही. परंतु ज्याचे पाय चालत नाहीत आणि हातांतही चाके लोटण्याइतके बळ उरलेले नाही, त्याने किती वेगाने जावे हे त्याची खुर्ची ज्या कारखान्यात तयार झाली त्या कारखान्यातच ठरून गेलेले असते. बरोबरीचे मित्र गप्पा मारीत पुढे निघून जातात आणि तो एकटा मागे पडतो. बारा मीटर रुंदीचा रस्ता ओलांडताना ताशी चार किलोमीटर वेगाच्या खुर्चीला जवळजवळ अकरा सेकंद लागतात. ताशी दहा किलोमीटर वेगाच्या खुर्चीला सव्वाचार-साडेचार सेकंद पुरतात. वाहनांची वर्दळ असलेल्या रस्त्यावर या साडेसहा सेकंदांचे मोल काय आहे, ते त्या खुर्चीत बसलेल्यालाच ठाऊक!

म्हणून विजेवर चालणाऱ्या चाकखुर्चीचा वेग वाढावा, आणि वेग वाढला तरी तिने हाताच्या इशाऱ्यासरशी वळावे व थांबावे, यासाठी सत्तर वर्षांहून अधिक काळ खटपट चालू आहे. या खटपटीत नामांकित यंत्रविशारद आहेत, तसेच स्वतः खुर्चीत बसणारे लोकही आहेत. आणि पुष्कळदा दुसऱ्यांनी दाखविलेल्या वाटेनेच पहिल्यांना जावे लागले आहे.

खुर्चीत बसणाऱ्यानेच आपले वाहन घडवावे, ही गोष्ट तशी नवी नव्हे. जर्मनीतील न्युरेंबर्ग शहराजवळ राहणाऱ्या स्टेफान फार्फलर या घड्याळजीचे पाय अधू होते. त्याने १६५५ च्या सुमारास स्वतःसाठी एक तीनचाकी गाडी तयार केली. हातांनी दांडा फिरवावा, दातेरी चाके फिरावी आणि गाडी पुढे जावी, अशी तिची रचना होती. घड्याळातील दातेरी चाकांशी ज्याची रोजची ओळख, त्याला ही युक्ती सुचावी हे स्वाभाविकच होते. पण फार्फलरचे हात बळकट होते. ज्याचे हातही दुबळे आहेत त्याने काय करावे, या प्रश्नाला उत्तर मिळण्यास पुढे तीनशे वर्षे जावी लागली.

ते उत्तर शोधणे भाग पडले दुसऱ्या महायुद्धामुळे. त्यापूर्वी पाठीचा कणा दुखावलेले सैनिक बहुधा फार काळ जगत नसत. जखमांत पू होई, मूत्रपिंडे निकामी होत आणि त्यातच त्यांचा अंत होई. पेनिसिलिनसारखी औषधे आणि शुश्रूषेच्या सुधारलेल्या पद्धती यांमुळे या युद्धातील असे पुष्कळ तरुण सैनिक वाचले व मायदेशी परतले. प्राण वाचला, परंतु मानेच्या मणक्याला इजा झालेल्यांचे पाय तर गेलेच, हातही जवळजवळ निरुपयोगी झाले. अशांना साधी चाकखुर्ची देऊन काय उपयोग? ती लोटण्यासाठी दुसरा मनुष्य सदैव मागे उभा असला पाहिजे.

कॅनडातील जॉन काउन्सेल हे १९४२ साली फ्रान्सच्या किनाऱ्यावरील द्येप येथील लढाईत जखमी होऊन पायांनी अधू झाले होते. त्यांनी आपल्यासारख्या सैनिकांची संघटना १९४५ साली उभारली, आणि अशा सैनिकांना चांगल्या खुर्च्या मिळाव्यात म्हणून सरकारच्या मागे लकडा लावला. पुढे विजेवर चालणाऱ्या खुर्चीचे काम ओटावा येथील राष्ट्रीय संशोधन परिषदेतील जॉर्ज क्लाइन या यंत्रविशारदाकडे आले. क्लाइन यांची बुद्धी एका विषयात रमणारी नव्हती. विमानाला बर्फावर उतरता यावे म्हणून लागणाऱ्या घसरपट्ट्या त्यांनी तयार केल्या, बर्फाच्या निरनिराळ्या जातींचा अभ्यास केला, आणि बारीक रक्तवाहिन्या जोडणारे एक शस्त्रक्रियेचे उपकरणही बनविले. चाकखुर्चीचा प्रश्न हाती घेतल्यावर त्यांनी आधी खुर्चीतल्या माणसांचा अभ्यास केला. त्यांच्या शरीराचा कोणता भाग हलतो, किती हलतो आणि किती जोर लावू शकतो, ते पाहून त्यांनी यंत्र आखले. त्यांच्या हातून १९५३ साली तयार झालेली खुर्ची ही खऱ्या अर्थाने उपयोगी पडणारी पहिली विद्युत्‌चालित चाकखुर्ची समजली जाते. कॅनडाच्या सरकारने १९५५ साली तिचा नमुना अमेरिकेतील माजी सैनिकांच्या खात्याला भेट दिला, आणि पुढच्याच वर्षापासून तेथील एक कारखाना अशा खुर्च्या मोठ्या संख्येने तयार करू लागला.

क्लाइन यांच्या खुर्चीचे मर्म समजण्यास बैलगाडी डोळ्यांसमोर आणावी. गाडी डावीकडे वळवायची असली की गाडीवान काय करतो? डाव्या बैलाला थोपवून धरतो आणि उजव्याला पुढे काढतो. क्लाइन यांनी खुर्चीच्या दोन मोठ्या चाकांना दोन वेगळ्या मोटारी जोडल्या. दोन्ही सारख्या फिरल्या की खुर्ची सरळ जाते. डावी मंदावली की खुर्ची डावीकडे वळते. एक पुढे आणि दुसरी मागे फिरली की खुर्ची जागच्या जागी भोवऱ्यासारखी फिरते. या दोन्ही बैलांचा कासरा म्हणजे हाताशी असलेली एक लहानशी उभी दांडी होय. तिला जॉयस्टिक म्हणतात. ज्या दिशेला दांडी कलवावी त्या दिशेला खुर्ची जाते. पुढची दोन लहान चाके नुसती भार पेलतात. त्यांच्या खुंट्या मोकळ्या असल्यामुळे खुर्ची जाईल तिकडे ती आपोआप तोंड करतात. आजच्या बहुतेक सर्व विद्युत्‌चालित खुर्च्या याच तत्त्वावर चालतात.

तथापि ह्या खुर्च्या बांधणाऱ्यांच्या नजरेसमोर रुग्णालयाच्या गुळगुळीत फरश्या होत्या. खुर्चीतला माणूस पलंगापासून खिडकीपर्यंत जाईल, फार तर अंगणात येईल, असे त्यांनी गृहीत धरले होते. आरंभीच्या अनेक खुर्च्यांत मोटार एकतर चालू, नाहीतर बंद. मधली पायरी नाही. त्यामुळे खुर्ची हिसका देऊन निघे आणि हिसका देऊनच थांबे. खुर्चीत बसणाऱ्यांनी शहरभर हिंडावे, चढ चढावे, रात्री सभेहून परतावे, हे कोणाच्या कल्पनेतही नव्हते.

ते घडून आले अमेरिकेतील बर्कली या विद्यापीठाच्या गावी. एड रॉबर्ट्स या मुलाला १९५३ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी पोलिओ झाला. गळ्याखालचे जवळजवळ सारे शरीर लुळे पडले. श्वासोच्छ्वासासाठी त्याला लोखंडी फुप्फुस नावाच्या पिंपासारख्या अवजड यंत्रात झोपावे लागे. अशा अवस्थेत तो शिकत राहिला आणि १९६२ साली बर्कलीच्या विद्यापीठात दाखल झाला. त्याचे ते अवजड यंत्र ठेवण्यासारखे वसतिगृह नव्हते, म्हणून विद्यापीठाच्या रुग्णालयातच त्याची राहण्याची सोय करण्यात आली. तुला विजेवरची खुर्ची चालविता येणार नाही, असे त्याला आरंभापासून सांगण्यात आले होते, आणि त्यानेही ते मानले होते. परंतु आपल्या आवडत्या मैत्रिणीबरोबर फिरायला जाताना खुर्ची ढकलणारा एक तिसरा मनुष्य सदैव मागे असावा, हे त्याला पुढे पटेना. त्याच्या हाताची बोटे थोडीशी हलत; मात्र दांडी पुढे लोटण्याचे बळ त्यांत नव्हते, ती फक्त मागे ओढता येई. मग दांडीची जोडणीच उलटी करण्यात आली. दांडी मागे ओढावी आणि खुर्चीने पुढे जावे! रॉबर्ट्स एका दिवसात खुर्ची चालवायला शिकला. हा फेरफार किती क्षुल्लक, आणि त्याने केवढे दार उघडले!

हळूहळू आणखी काही अपंग विद्यार्थी तेथे जमले. त्यांच्या खुर्च्या रस्त्यावरच्या खाचखळग्यांत खिळखिळ्या होत आणि दुरुस्तीसाठी पाठविल्या की मालक अंथरुणावर खिळून पडे. तेव्हा १९७० साली विद्यापीठात या विद्यार्थ्यांच्या साह्यासाठी जी योजना सुरू झाली, तिच्यात खुर्च्यांच्या दुरुस्तीची सोयही करण्यात आली, आणि १९७२ साली शहरात निघालेल्या स्वतंत्र जीवन केंद्रानेही हे काम पुढे चालविले. दुरुस्ती करता करता फेरफार सुरू झाले. जे वारंवार मोडते ते अधिक भक्कम हवे, आणि दिवसभर शहरात हिंडायचे तर खुर्चीने अर्ध्या वाटेत दम टाकता कामा नये, हे तेथे येणाऱ्या प्रत्येक मोडक्या खुर्चीवरून दिसत होते. रॉबर्ट्स १९९५ साली वारले. त्यांची शेवटची खुर्ची आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिला चपळ मोटारगाडीत असते तसले मागे कलणारे आसन आहे, श्वसनयंत्र ठेवण्यास मागे जागा आहे, आणि रात्रीच्या प्रवासासाठी पुढे दिवा आहे. रुग्णालयातल्या खुर्चीला दिव्याची गरज कधी पडली असती का?

आता हा वेग वाढवितात कसा, ते पाहू. नेहमीच्या खुर्चीत बारा-बारा व्होल्टचे दोन विद्युत्‌घट एकापुढे एक जोडून चोवीस व्होल्टचा दाब मिळवितात. खुर्चीत वापरली जाणारी मोटार साधारणपणे विजेच्या दाबाच्या प्रमाणात वेगाने फिरते. म्हणून दाब चोविसाऐवजी छत्तीस व्होल्ट केला तर ताशी आठ किलोमीटर धावणारी खुर्ची ताशी बारा किलोमीटर धावेल. मात्र मोटारीचे आणि नियंत्रकाचे सर्व भाग त्या दाबाला टिकणारे हवेत. दुसरा मार्ग चाकाचा. तीस सेंटिमीटर व्यासाच्या चाकाऐवजी छत्तीस सेंटिमीटरांचे चाक बसविले, तर मोटारीच्या तेवढ्याच फेऱ्यांत खुर्ची पाचव्या हिश्शाने अधिक अंतर कापते. पण हा लाभ फुकटचा नव्हे. चढावर चाकाचा जोर त्याच मानाने कमी पडतो, आणि सपाटीवर ऐटीत जाणारी खुर्ची पुलाच्या चढावर धापा टाकू लागते. मोटार व चाक यांमधील दातेरी चाकांचे प्रमाण बदलले तरी हाच सौदा करावा लागतो.

पाटाची रुंदी बेताची असली तर विहिरीला कितीही पाणी असो, शेवटच्या वाफ्यापर्यंत ते जोराने पोहोचत नाही. विजेचेही तसेच आहे. चढावर किंवा उंबऱ्यावर मोटार एकदम कितीतरी अधिक वीज ओढते. तारा बारीक असल्या तर तिचा दाब वाटेतच जिरतो, तारा तापतात आणि चाक मरगळते. म्हणून जाणते कारागीर दाब वाढविण्याआधी तारा जाड करतात आणि सांधे घट्ट करतात. विद्युत्‌घटांचे वजनही विचारात घ्यावे लागते. शिशाचे घट जड असतात. लिथियम आणि लोह यांच्या संयुगाचे नवे घट तेवढीच वीज सुमारे एकतृतीयांश वजनात साठवितात. परंतु त्यांना त्यांचाच भारक आणि रक्षणाची वेगळी योजना लागते. ती नसली आणि जोडणी चुकली तर आग लागण्याचा धोका असतो, आणि खुर्चीत बसलेल्या माणसाला आगीपासून उडी मारून दूर जाता येत नाही. हे काम हौशी माणसाने परसात बसून करण्याचे नव्हे, असे जाणकार बजावतात ते यासाठीच.

इतके केले म्हणजे वेग मिळतो. खरी अडचण येथून पुढे सुरू होते.

वेग दुप्पट झाला की थांबण्यास लागणारे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. ताशी सहा किलोमीटरांनी जाणारी खुर्ची एका बेताच्या मंदावणीने एका मीटरच्या आत थांबत असेल, तर ताशी बारा किलोमीटरांनी जाणारी तीच खुर्ची तितक्याच मंदावणीने थांबेपर्यंत पावणेचार मीटर पुढे जाते. मंदावणी वाढवावी, तर ज्याच्या कमरेत आणि पोटात स्वतःला सावरण्याचे बळ नाही तो पुढे कोलमडतो. या खुर्च्यांत वेग कमी करण्याचे काम मुख्यतः मोटारीच करतात. चाकांनी उलट मोटारीला फिरवायचे आणि तिने वीज निर्माण करीत रोधक व्हायचे, अशी ती युक्ती आहे. खुर्ची उभी राहिली की विद्युत्‌चुंबकाचा अडकाव चाके धरून ठेवतो. वीज अकस्मात गेली तरी हा अडकाव आपोआप बसतो. त्यामुळे चढावर बंद पडलेली खुर्ची मागे घरंगळत नाही.

वळणावरही वर्गाचाच नियम चालतो. एक ढोबळ हिशेब करून पाहावा. खुर्चीच्या दोन चाकांत छप्पन्न सेंटिमीटरांचे अंतर आहे आणि माणसासह तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून पंचावन्न सेंटिमीटर उंच आहे, असे समजू. दीड मीटर त्रिज्येच्या वळणावर ही खुर्ची ताशी सुमारे दहा किलोमीटर वेगाला पोहोचली की तिचे आतले चाक जमीन सोडू लागेल. आता विद्युत्‌घट खाली बसवून आणि आसन उतरवून गुरुत्वमध्य दहा सेंटिमीटर खाली आणला, तर ही मर्यादा ताशी अकरा किलोमीटरांच्या जवळ जाते. एवढ्या खटाटोपाने जेमतेम एक किलोमीटर मिळाला! उलट वळणच तीन मीटर त्रिज्येचे घेतले, तर मर्यादा जवळजवळ चौदा किलोमीटर होते. यावरून चांगल्या खुर्चीचा नियंत्रक दांडी बाजूला कलताच पुढचा वेग का आवरतो, ते ध्यानात येईल.

याहून गमतीची गोष्ट अशी की काही खुर्च्या वेगात आपण होऊन सरळ जातात आणि काही आपण होऊन फिरू पाहतात. बाणाचे लोखंडी टोक पुढे आणि पिसारा मागे असतो, म्हणून तो सरळ जातो. जड भाग पुढे, आणि बाजूला सरकण्यास विरोध करणारा भाग मागे, हे सरळ गतीचे रहस्य आहे. जिची मोटारीची चाके मागे आणि भार त्यांच्या पुढे, ती खुर्ची बाणासारखी आहे. वेगात ती सरळ राहते. मोटारीची चाके पुढे असलेली खुर्ची उंबरे चांगले चढते आणि अरुंद दारातून सफाईने वळते. परंतु तिचा भार चाकांच्या मागे असल्यामुळे वेग वाढताच तिची शेपूट भरकटू पाहते. अशा खुर्चीत जायरोस्कोप बसवितात. खुर्ची न सांगता किती वळली हे तो ओळखतो, आणि नियंत्रक क्षणार्धात दोन्ही मोटारींची गती कमीजास्त करून तिला ताळ्यावर आणतो. तिसऱ्या जातीत मोटारीची चाके बरोबर मध्ये, माणसाच्या आसनाखाली असतात. ही खुर्ची अगदी थोड्या जागेत फिरते, म्हणून घरात ती उत्तम. पण मागचीपुढची लहान चाके खड्ड्याच्या दोन काठांवर टेकली आणि मधली मोटारीची चाके अधांतरी राहिली, तर मालकाला कोणाची तरी वाट पाहत बसावे लागते. सर्वगुणसंपन्न खुर्ची अजून निघालेली नाही.

मागची चाके सरळ चालली तरी पुढची लहान चाके खोडी काढतात. सामानाची ढकलगाडी जोराने ढकलली की तिचे एखादे चाक वेड लागल्यासारखे डावीउजवीकडे फडफडू लागते, हे पुष्कळांनी पाहिले असेल. चाकखुर्चीत हीच फडफड ताशी दहा-बारा किलोमीटरांवर सुरू झाली तर सारी खुर्ची थरथरते आणि हातातली दांडीही हलते. चाकाची खुंटी अगदी ओळंब्यात उभी करणे, तिच्या सांध्यात बेताचे घर्षण ठेवणे, झिजलेली वेटोळी बदलणे, हे त्यावरचे उपाय. त्यांत दिखाऊ असे काही नाही. परंतु मोठ्या मोटारीपेक्षा कित्येकदा ह्या लहानशा दुरुस्तीनेच खुर्ची अधिक वेगाने जाण्यास लायक होते.

सर्वांत नाजूक काम नियंत्रकाच्या आत असते. तेथे कळफलकावरून काही आकडे भरावयाचे असतात: निघताना वेग किती लवकर वाढावा, थांबताना किती लवकर घटावा, वळण किती चपळ असावे, हाताला कंप असेल तर त्यातला किती भाग दुर्लक्षावा. ह्यांतला एक आकडा फार महत्त्वाचा आहे. मोटारीवर भार पडला की तिच्या स्वतःच्या विद्युत्‌रोधामुळे काही दाब तिच्यातच खर्ची पडतो आणि ती मंदावते. समजा खुर्ची मागे घेऊन उभी केली. आता पुढची लहान चाके उलट्या दिशेला तोंड करून आहेत. पुढे निघताना ती गर्रकन फिरतात, एका बाजूला अधिक अडतात, आणि तिकडची मोटार मागे पडून खुर्ची सरळ जाण्याऐवजी भिंतीकडे वळते. चांगला नियंत्रक हुशार गाडीवानासारखा असतो. कोणती मोटार अधिक वीज ओढते आहे, म्हणजे कोणता बैल कष्टी झाला आहे, हे त्याला कळते व तो तिकडे दाब वाढवितो. किती वाढवावा, हे त्या आकड्यावर अवलंबून असते. आकडा कमी भरला तर खुर्ची आळशी होते आणि रस्त्याच्या उताराकडे ओढली जाते. अधिक भरला तर ती दचकत, ठेचकाळत चालते. योग्य बसला म्हणजे दांडी आणि चाके यांच्यामध्ये काही यंत्र आहे याचाच बसणाऱ्याला विसर पडतो. हा आकडा मोटारीगणिक वेगळा असतो, आणि तो पुरता जमला की नाही हे तज्ज्ञापेक्षा खुर्चीत बसणारा अगोदर सांगतो.

वेगाला कायद्यानेही बांध घातले आहेत, आणि देशादेशांत ते वेगवेगळे आहेत. ब्रिटनमध्ये पदपथावर ताशी चार मैल, म्हणजे साडेसहा किलोमीटरांच्या आत, आणि रस्त्यावर ताशी आठ मैल अशी मर्यादा आहे. जर्मनीत ताशी सहा किलोमीटरांहून वेगवान खुर्चीला विमा उतरवून पाटी लावावी लागते. पदपथावरून लहान मुले व वृद्ध माणसे चालत असतात, आणि माणसासह दीड-दोनशे किलोग्रॅम वजनाची खुर्ची त्यांच्यावर आदळणे ही साधी गोष्ट नव्हे. तेव्हा असे निर्बंध अन्यायाचे म्हणता येत नाहीत. मात्र ताशी सहा किलोमीटर वेगाची पण ओढाळ खुर्ची ताशी दहा किलोमीटर वेगाच्या आज्ञाधारक खुर्चीपेक्षा अधिक धोक्याची असू शकते, हे नुसत्या वेगाच्या आकड्यावरून समजत नाही.

याची साक्ष पाहावयाची तर विद्युत्‌चालित चाकखुर्च्यांच्या फुटबॉलच्या सामन्याला जावे. हा खेळ १९७० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये सुरू झाला. त्याची जागतिक संघटना २००६ साली स्थापन झाली आणि पहिली विश्वचषक स्पर्धा २००७ साली टोकियोत भरली. तीत अमेरिकेचा संघ विजयी झाला. पुढे २०१७ व २०२३ साली फ्रान्सने चषक जिंकला. बास्केटबॉलच्या मैदानाएवढी बंदिस्त जागा, दोन्ही बाजूंना गोलरक्षकासह चार-चार खेळाडू, आणि तेहतीस सेंटिमीटर व्यासाचा, नेहमीपेक्षा मोठा चेंडू. मुले-मुली, स्त्री-पुरुष एकाच संघात खेळतात. हातापायांत फारसे बळ नसलेला खेळाडू येथे कोणाहून उणा ठरत नाही, कारण दांडी हलविण्यास बोटाचा अंशमात्र जोर पुरतो.

या खेळात कोणत्याही खुर्चीला ताशी दहा किलोमीटरांहून अधिक वेगाने जाण्यास मनाई आहे. सामन्यापूर्वी प्रत्येक खुर्ची पळवून तिचा वेग मोजतात. सर्वांचा वेग सारखा झाल्यावर चढाओढ उरते ती हुकमतीची. कोणाची खुर्ची थांबलेल्या स्थितीतून आधी निघते? कोणाची बरोबर रेषेवर थांबते? चेंडूच्या बाजूला आपल्या बाजूचे दोन खेळाडू एकदम जवळ आले तर तो नियमभंग ठरतो, म्हणून जागा सोडण्यातही चपळाई लागते. खुर्चीच्या पायांपुढे एक भक्कम जाळी बसविलेली असते. तिने चेंडू ढकलतात. पण जोराचा तडाखा द्यायचा असला की खेळाडू निराळेच काही करतो. तो चेंडूकडे धावून न जाता त्याच्या शेजारी येतो आणि खुर्ची जागच्या जागी गर्रकन फिरवितो. एक चाक पुढे, एक चाक मागे. ही क्लाइन यांचीच युक्ती. समजा फिरण्याच्या मध्यापासून जाळीचा कोपरा ऐंशी सेंटिमीटर दूर आहे आणि खुर्ची एका सेकंदात पुरी फेरी घेते आहे. मग तो कोपरा सेकंदाला पाच मीटर, म्हणजे ताशी अठरा किलोमीटर वेगाने चेंडूवर आदळतो. खुर्चीला दहाची मर्यादा, आणि तडाखा अठराचा! गोफणीत घातलेला दगड फेकणाऱ्याच्या हाताहून वेगवान असतो, तोच हा प्रकार. खेळाडूची नजर चेंडूवर असते, दोन बोटे दांडीवर असतात, आणि फेरी कोठे थांबवायची हे त्याने फिरण्याआधीच ठरविलेले असते. चेंडू गोलाच्या दोन खांबांमधून जातो आणि खुर्ची पुन्हा समोर तोंड करून उभी असते.